पदराखालची बोटं

२५ नोव्हेंबर १९४६, सांगली

रजा संपवून आज कामावर रुजू झालो. डॉ. आठल्ये एवढंच म्हणाले, "आलास? हात धू." बरं वाटलं. कोरेगावात पंधरा दिवस जो तो येऊन खांद्यावर हात ठेवत होता आणि त्या हाताचं मी काय करायचं ते मला कळत नव्हतं.

आमची चार महिन्यांची मुलगी कार्तिकात तापाने गेली. हे एकदाच लिहितो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. मी डॉक्टर असून उशाशी बसलो होतो, तरी गेली. मी रडलो नाही. गावात म्हणाले, लालासाहेब काळजाचा घट्ट. माझी बायको विजयमाला, तीही रडली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. निघताना मी आईला विचारलं, तिची तब्येत कशी आहे. आई म्हणाली, "ब्येस हाय ती. तू जा तुज्या कामाला." मग निघालो.

वॉर्ड होता तसाच आहे. दोरीने वर टांगलेले पाय आणि दोरीच्या टोकाला बांधलेल्या विटा. जूनपासून मी इथे हाडांचं काम शिकतो आहे, आणि शिकतो म्हणजे काय, तर पाय धरतो. आठल्ये हाड बसवतात, मी पाय ओढून धरतो. हात थरथरला की ओरडतात. आज थरथरला नाही.

२७ नोव्हेंबर

दुपारी पिशवी झाली. ही आठल्यांची जुनी खोड. मांजरपाटाच्या पिशवीत सुटी हाडं भरून ठेवली आहेत. पिशवीत हात घालायचा, न बघता हाड चाचपायचं आणि नाव सांगायचं, डावं की उजवं तेही. विलायतेत हे शिकून आले, वर लढाईत फौजी इस्पितळात तीन वर्षं काढली, तेव्हापासून त्यांना डोळ्यांवर विश्वासच नाही. मनगटाची बारकी हाडं म्हणजे नुसती खडीच. त्यात मी नेहमी अडकायचो.

आज सगळी बरोबर आली. आठल्ये खूश होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "काय रे, एवढा निवांत कसा झालास?"

मी म्हणालो, "सवय झाली, सर."

३० नोव्हेंबर

डावा हात प्लास्टरमध्ये आहे. मोडला नाही. इथली रीतच आहे. हाऊस सर्जनला पहिलं प्लास्टर स्वतःच्या जबाबदारीवर घालायला मिळण्याआधी एक प्लास्टर आठवडाभर स्वतःच्या अंगावर वागवावं लागतं. पट्ट्यासुद्धा माझ्याच हातच्या. मलमलीच्या पट्टीवर प्लास्टरची पूड चोळून तिच्या गुंडाळ्या करायच्या, हे काम मी जूनपासून करतो आहे. नाकात, कानात, भाकरीतही पूड जाते.

आठल्ये पट्टी ओली करून गुंडाळत गेले आणि बोलत गेले. "आत सूज आली की ती बाहेर येणार कुठून? भिंत बांधलीस ना तू. मग ती आतलं रक्त अडवते. म्हणून बोटं उघडी ठेवायची आणि तासातासाला बघायची. गरम आहेत का, हलतात का, बोट सरळ केलं तर पेशंट ओरडतो का. पेशंटला काय वाटतं ते विचारू नकोस. बोटं बघ."

वॉर्डच्या सिस्टर सगुणाबाई येता जाता म्हणतात, "नवरदेवाच्या हळदीला कधी येऊ?" बाई थट्टेखोर आहेत. मी हसलो बहुतेक.

७ डिसेंबर

प्लास्टर कापलं. मनगटाच्या आतल्या अंगाला कातडी गेलेली होती. चांगलीच ओली जखम. आठल्यांनी तिथे मुद्दाम पट्टीची एक घडी ठेवली होती. प्रत्येकाच्या प्लास्टरमध्ये ठेवतात म्हणे. आजवरचे सगळे हाऊस सर्जन दुसऱ्या दिवशी बोंबलत त्यांच्या दारात गेले आणि त्यांनी हसत प्लास्टर कापून दिलं. तोच धडा असतो, की पेशंट कुरकुरला तर त्याला वेड्यात काढू नये.

आठल्ये माझ्याकडे बघत उभे राहिले. "दुखलं नाही तुला?"

"लक्षात आलं नाही, सर."

"आठ दिवस?"

दुखत असेलही. दुखत होतंच, आता आठवून बघितलं तर. पण त्यात सांगण्यासारखं काय आहे ते सुचलं नाही. आठल्ये म्हणाले, "तू आणखी चार दिवस घरी जाऊन ये." मी नको म्हणालो. घरी जाऊन करणार काय? इथे निदान पाय धरता येतात.

११ डिसेंबर

आज माझं पहिलं प्लास्टर झालं.

आठल्यांना साताऱ्याच्या कोर्टात साक्षीला जावं लागलं. एका मारामारीतल्या मोडलेल्या मांडीबद्दल. सकाळी निघताना पायरीवर घुटमळले. म्हणाले, "काही आलं तर बघ. जमण्यासारखं असलं तरच. नाहीतर खपाटी बांधून ठेव, मी परवा आहेच." खपाटी म्हणजे नुसती लाकडी पट्टी. एवढा अविश्वास! मनगट दाखवायला गेलो तर म्हणाले, "ते बरं होईल. मी त्याबद्दल बोलत नाही."

दुपारी धनगर आले. आटपाडीकडचे. दिवाळी झाली की हे लोक मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात आणि शेताशेतात खताला बसवतात. तळ हलवताना सामानाचं घोडं बुजलं आणि वर बसलेली सून दगडावर पडली. नाव बनुबाई, वय सोळा सतरा असेल. उजव्या हाताची मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडलेली. एक्स-रेच्या फोटोत स्वच्छ दिसत होतं. तिच्याबरोबर सासरा, केरबा. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडं. तिला पाठुंगळीला घ्यायचं सासऱ्याला जमेना म्हणून तिला घोड्यावर बसवून हा बाबा लगाम धरून चालत आला होता.

"डाक्तरसाब, उजवा हात हाय," केरबा म्हणाला. "धारा काडायच्या, लोकर कातायची, समदं ह्याच हातावर. घरात माजी म्हातारी लय कडक हाय. हात न्हाई राह्यला तर ती हिला म्हायेरी धाडंल आन पोराला दुसरी करंल. तेवढं बगा."

बघतो म्हणालो. सगुणाबाईंनी भूल दिली. मी ओढलं, हाड जाग्यावर बसल्याचं बोटांना कळलं, अगदी पिशवीतल्यासारखं. प्लास्टर असं गुळगुळीत झालं की सगुणाबाई म्हणाल्या, "यावर नाव कोरा आता." फोटोही चांगला आला. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला असावा.

बायकांचा वॉर्ड भरलेला आहे, म्हणून तिची खाट व्हरांड्यात टाकली. केरबा पायथ्याशी घोंगडं टाकून बसला.

१२ डिसेंबर

सकाळी फेरी. बनुबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोक्यावरून पदर, तो खाली हातावरून ओढून घेतलेला. सासरा समोर बसला आहे म्हटल्यावर तसंच असणार. मी खेड्यातला आहे, मला हे कळतं. आठल्ये असते तर फटकन पदर बाजूला केला असता, सासऱ्यासमोर, आणि ती बिचारी लाजेने मेली असती. डॉक्टर झालो म्हणून मी रीतभात विसरलो नाही. सगुणाबाईंना सांगितलं असतं, पण त्यांना बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवलंय, तिथली नर्स आजारी आहे.

मी केरबाला विचारलं, "रात्री दुखलं का?"

"न्हाई साब. मी रातभर हितंच हुतो. चकार शब्द न्हाई काडला पोरीनं."

"झोपली?"

"जागी हुती, पर गप हुती. आमच्यातल्या बाया न्हाई वरडत."

शहाणी पोर. आतल्या वॉर्डातला लालमातीवाला पैलवान गुडघा सुजला म्हणून काल दिवसभर गळा काढून रडत होता, त्याला नेऊन दाखवावी असं वाटलं.

१२ डिसेंबर, संध्याकाळ

जेवत नाही म्हणे. केरबाने ताकभात आणला तोही तसाच. परकी जागा आहे, होतं असं. केरबाला म्हणालो, दुखत नाही ना? म्हणाला, "इचारतो," आणि खाटेकडे वळून म्हणाला, "पोरी, दुखतंय का गं?" पदराआड मान हलली, नाही म्हणून. पाठीला घाम आलेला दिसला. डिसेंबरात घाम. व्हरांडा बंदिस्त आहे त्यामुळे असेल.

१३ डिसेंबर, सकाळ

केरबा खुशीत. पहाटेपासून शांत झोपली म्हणाला. "आता हात हाय का न्हाई तेबी कळंना म्हनती. येवडं हलकं वाटतंय." त्याने माझ्या पायाला हात लावला. मी म्हणालो, असं करू नका.

१३ डिसेंबर, रात्री

आठल्ये दुपारच्या गाडीने आले. टोपीही काढली नव्हती. मी म्हणालो, एक प्लास्टर घातलंय सर, छान बसलंय, पेशंटला काही त्रास नाही. ते फोटो बघून "वा" म्हणाले आणि व्हरांड्यात गेले. केरबा उठून उभा राहिला. आठल्यांनी पदर उचलला.

बोटं जांभळी होती, वांग्यासारखी. फुगलेली. त्यांनी मधलं बोट धरून हळूच सरळ केलं. बनुबाईने काहीच केलं नाही. त्यांनी नखाने टोचलं. ती भिंतीकडेच बघत होती.

"कात्री," आठल्ये म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिथेच प्लास्टर उभं चिरलं, मग आत नेलं. भूल देऊन त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत कातडी आणि खालचा पडदा चिरला. आतला मांसाचा भाग कोंडलेल्या जागेतून बाहेर यावा तसा वर आला. काही भाग लाल झाला. काही पांढरट, शिजल्यासारखा, तो तसाच राहिला. मी हात धरून होतो. आठल्ये म्हणाले, "नीट धर." मी नीट धरला.

१४ डिसेंबर

सकाळी राजीनामा तोंडीच दिला. आठल्ये हात धूत होते. "का?"

"माझी चूक आहे, सर."

"आहेच. मीही तुला सोडून गेलो, तुझं मनगट बघूनसुद्धा. ती माझी." हात पुसत राहिले. "तू कोरेगावला जाशील. तिचा हात कोण सरळ करेल? मी? मला चाळीस खाटा आहेत. मेलेला स्नायू आखडत जातो, बोटं आत ओढतो. रोज, दिवसातून चार वेळा, एकेक बोट ताणावं लागतं. महिनोन्महिने. अंगठा आणि पहिलं बोट वाचेल. बाकीची तीन बघू. ते काम तुझं. आणि केरबाला तू सांगायचंस, मी नाही."

सांगितलं. व्हरांड्यातच. केरबा ऐकत राहिला. मला वाटलं होतं काठी उचलेल. त्याने घोंगड्याची दशी ओढत एवढंच विचारलं, "म्हंजी ती गप हुती तवा दुखत हुतं?"

"हो."

"मी तिच्या पायथ्याला बसून तुमास्नी न्हाई न्हाई सांगत हुतो."

छातीत काहीतरी होईल म्हणून वाट बघितली. काही झालं नाही. चहा घेतला आणि दुसऱ्या पेशंटांची ड्रेसिंगं केली.

१६ डिसेंबर

केरबाला मेंढरांकडे पाठवलं आणि सगुणाबाईंना बरोबर घेऊन खाटेशी स्टूल ओढून बसलो. पहिल्यांदाच नीट तोंड बघितलं तिचं. हनुवटीवर गोंदलेलं, डोळे मोठे. मी विचारलं, "बनुबाई, त्या रात्री दुखत होतं का?"

सगुणाबाईंकडे बघून म्हणाली, "इंगळ भरल्यावानी. हात उपटून फेकावा वाटत हुता."

"मग ओरडली का नाहीस?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "मामंजी बसलं हुतं की. त्यांच्याम्होरं कसं वरडायचं? पदराचा बोळा दातांत धरला. फाटला त्यो." पदराचं टोक दाखवलं. खरंच चावून चिंध्या झाल्या होत्या.

तो पदर मी दोन दिवस बघत होतो.

२ जानेवारी १९४७

बरेच दिवस लिहिलं नाही. रोज तेच. जखम स्वच्छ करायची, बोटं कोमट पाण्यात धरायची, ताणायची, मग वाकवलेल्या लाकडी फळीवर बांधायची. आठल्ये रोज येतात, फळी सैल आहे की घट्ट ते बघतात, मला काही बोलत नाहीत. या आठवड्यात आणखी दोन प्लास्टरं मला घालायला लावली. दोन्ही रात्री मी पेशंटच्या उशाशी खुर्ची टाकून बसलो. दर तासाला बोटं. आठल्ये सकाळी म्हणाले, "झोप घे थोडी."

अंगठा आणि पहिलं बोट हलतं. बाकी तीन आत वळायला लागली आहेत, आणि ती बधिर आहेत. सुई टोचतो, ती डोळे मिटून पडलेली असते. "टोचलं?" "न्हाई." रोज न्हाई.

केरबाची म्हातारी आली होती, धोंडुबाई. खाटेशी उभी राहून हात खालीवर बघितला, बैल घेताना बघावा तसा. "ह्या हातानं चूल तरी पेटंल का?" केरबा म्हणाला, गप बस. ती म्हणाली, "का गप? तळावर दीडशे मेंढरं हायती. वाकड्या हाताची सून घिऊन मी काय पूजा करू? होळीला म्हागारी जाऊ तवा हिला हिच्या आईकडं टाकायची. पोरगं तरणं हाय." बनुबाईसमोरच सगळं. बनुबाईने पदर पुढे ओढला.

म्हातारी दुष्ट नाही. येताना सुनेसाठी खरवस बांधून आणला होता.

१४ जानेवारी, संक्रांत

नानासो आले होते. माझे चुलते. हळदीच्या बाजाराला सांगलीत येतात. आईने तिळाच्या पोळ्या पाठवल्या. विचारलं, घरी कसं आहे? म्हणाले, "वैनी म्हनल्या, समदं झ्याक हाय. विजयमाला बी ब्येस हाय. काम करती, गप असती. लय सोशिक पोर हाय रं." मी बरं म्हणालो. पोळ्या चांगल्या होत्या. दोन मी ठेवल्या, बाकी वॉर्डात वाटल्या.

सगळ्या खाटांवर एकमेकांना तिळगूळ चालला होता. बनुबाईने डाव्या हाताने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. चूक कुणाची हे तिला माहीत आहे, मीच सांगितलं होतं. तरी ठेवला. तो मला गिळवेना. थुंकताही येईना. तसाच तोंडात धरून पुढच्या खाटेकडे गेलो.

१९ जानेवारी

केरबाशी बोललो. होळीला तळ पूर्वेकडे निघाला की हात ताणणार कोण? ताणणं थांबलं तर वाचलेली बोटंही आखडतील. सासरा सुनेच्या हाताला हात लावणार नाही. नवरा मेंढरांबरोबर दहा दहा कोस पुढे. राहिली धोंडुबाई.

केरबा म्हणाला, "ती? ती आईकल व्हय?"

मी म्हणालो, घेऊन तर या.

२१ जानेवारी

धोंडुबाई आली. तोंड वाकडं करूनच बसली. मी दाखवलं: मनगट असं धरायचं, बोट मुळाशी धरून हळू सरळ करायचं, शंभर आकडे मोजेतोवर सोडायचं नाही. म्हणाली, मला शंभर येत न्हाईत. केरबा म्हणाला, "मेंढरं तर बिनचूक मोजतीस." तेव्हा कुठे हसली.

तिने धरलं. आयुष्यभर धारा काढलेला हात तो. माझ्यापेक्षा दीडपट जोर. मी म्हणेपर्यंत तिने मधलं बोट ताणलं आणि बनुबाई किंचाळली. अशी किंचाळली की आतल्या वॉर्डातून सगुणाबाई पळत आल्या. "आई गंऽऽ! मेले! सोडा आत्याबाई, सोडा! ह्या मेल्या डाक्तराचं वाटुळं हुईल!" सासरा समोर, सासू समोर, पदर खांद्यावर, आणि पोर गुरासारखी ओरडते आहे.

म्हातारी घाबरून हात सोडायला लागली. आठल्ये दारात येऊन उभे होते. "सोडू नका!" ते म्हणाले. मग मला म्हणाले, "सुई."

मधल्या बोटाच्या टोकाला टोचलं. "मरूंदे तुमची सुई!" बनुबाई म्हणाली. बाजूच्या बोटाला टोचलं. हात हिसकला तिने. करंगळीला काही नाही. पण दोन बोटांत जीव आला आहे.

केरबा व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा होता. मिशा ओल्या झाल्या होत्या. "वरड पोरी," तो म्हणत होता, "वरड. मी आईकतुया."

जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. मनगटावरची ती जुनी जागा ठणकायला लागली. ती तर कधीच भरून आली आहे.

२३ जानेवारी

तिघं आज तळावर गेली. बोटं वाकडी राहणार. चूल पेटेल, धार काढायला वेळ लागेल, चरखा कदाचित नाहीच. धोंडुबाईला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "होळीला बगू. तवर मी वडते बोटं. जमलं तर जमलं." आईकडे टाकणार का ते बोलली नाही. मीही विचारलं नाही, आणि मग दारापर्यंत धावत जाऊन विचारलं. म्हणाली, "आवं, हात लावल्याबिगर कळतंय व्हय? रोज हात धरल्यावर टाकवंल का न्हाई ते मलाच ठावं न्हाई."

संध्याकाळी आठल्यांकडे चार दिवसांची रजा मागितली. "कशाला?" असं विचारतील वाटलं होतं. म्हणाले, "सकाळची गाडी घे. मिरजेला बदलावी लागते."

२४ जानेवारी, कोरेगाव

दुपारी पोचलो. आईने पाणी दिलं. विजयमाला चुलीपुढे होती, उठून आत गेली. जेवताना वाढायला आली तेव्हा बघितलं. उजवा हात अंगाशी धरून चालते. गाल लाल.

मी विचारलं, "बरं नाही का तुला?"

आई म्हणाली, "आरं ब्येस हाय की ती. कामाला वाघ हाय. परवा समदं ज्वारीचं—"

"आई," मी म्हणालो, "तू थांब. तिला बोलू दे."

आई दचकली. मी तिच्याशी असं कधी बोललो नव्हतो. बाप जिवंत असताना बापाशीही नाही. विजयमालाने भाकरीची परात खाली ठेवली. आईकडे बघितलं. मी ताटावरून उठलो, तिला हाताला धरून माजघरात नेलं आणि दार लोटलं. दिवसाढवळ्या, आई बाहेर बसलेली असताना. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

"काय होतंय?"

ती जमिनीकडे बघत होती. "काय न्हाई."

"विजयमाला, काय होतंय?"

तिने लोटलेल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "दूद येतंय आजून."

मला आधी समजलंच नाही. मी डॉक्टर आहे आणि मला समजलं नाही.

"लय येतंय. रोज गोठ्यामागं जाऊन पिळून टाकते. आता पिळाय बी येत न्हाई, गाठी झाल्यात. हात वर हुईना. रातचा ताप भरतो."

"आईला सांगितलं नाहीस?"

"लेकरू गेल्यावर दूद आलं म्हनून सांगायचं? कुनाला सांगू?"

पदर बाजूला करून बघितलं. उजवा स्तन दगड झाला होता, लाल, तापलेला, एका जागी पू धरायला लागलेला. हात लावल्याबरोबर ती ओरडली आणि लगेच तोंडावर हात दाबून घेतला. मी तिचा हात तोंडावरून काढला. ओरड म्हणालो. ओरडली नाही, पण रडायला लागली, आणि मग मीही. आवाज करून रडलो, आईला बाहेर ऐकू जाईल असा. आमची मुलगी गेली होती. सगळं आत्ताच झाल्यासारखं वाटत होतं. छाती फुटेल असं दुखत होतं आणि ते थांबेना.

विजयमाला माझ्याकडे बघत राहिली. नाक पुसून म्हणाली, "मला वाटलं, तुमास्नी काय वाटलंच न्हाई."

आईने दार ढकललं नाही. बाहेरून म्हणाली, "पाणी तापवू का रं?" तापव म्हणालो. चुलीवर पाणी ठेवलं आहे, ते तापेपर्यंत हे लिहितो आहे. आधी शेक देऊन बघतो. गाठ फुटली नाही तर उद्या चीर द्यावी लागेल, आणि तिला बैलगाडीत घालून साताऱ्याला नेणार आहे, कारण माझा हात थरथरतो आहे.